ङादासची यादी

अंकलिपीत ङ आला की चित्रकार थबकतो. क ला कमळ, ग ला गवत, घ ला घर. ङ ची चौकट रिकामी, नाहीतर तिथं अक्षरच मोठं करून छापलेलं. ङ ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. जावा बेटावर आहे. तिथल्या लिपीच्या वर्णक्रमात हे अक्षर अगदी शेवटी येतं, आणि पूर्व जावातल्या एका डोंगरी गावाचं नाव त्यानंच सुरू होतं. ङादास.

मलांग जिल्हा, तेंगर डोंगर, उंची सुमारे 2,100 मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरून आणखी साडेचारशे मीटर वर. एका अंगाला ब्रोमो हा धुमसता डोंगर; नाव ब्रह्मावरून. दुसऱ्या अंगाला सेमेरू, आपला सुमेरू, 3,676 मीटर, जावात सर्वांत उंच. 1982 पासून भोवती राष्ट्रीय उद्यान आहे आणि गाव त्याच्या पोटात. गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही असा रिवाज आहे, आणि तो पाळतात. म्हणून जमीन जागेवर आहे. बाकीच्या गोष्टींची ही यादी. क्रमाला अर्थ नाही.

पांढरा मका. इतक्या थंडीत तो पिकायला आठ-नऊ महिने घेतो. त्याचे दाणे भिजवायचे, कांडायचे, वाफवायचे, की आरोन होतो: घट्ट, गोळा होणारा, पोटात दिवसभर टिकणारा भात. तोंडी लावायला रांतीचा पाला, आपल्या कामोणीच्याच कुळातला, आणि क्रांगेआन नावाच्या लिंबासारख्या वासाच्या बारीक रानफळाची चटणी. तेंगर माणसाचं रोजचं जेवण हेच होतं. बटाटा तीन-चार महिन्यांत निघतो, ट्रकमध्ये बसतो आणि रोख पैसे देतो. त्या पैशांत खालच्या मैदानातला तांदूळ येतो. आरोन आता कुणी मुद्दाम केला तर होतो. आपल्याला दुरून हळहळ वाटते. हळहळणाऱ्यानं एकदा मका कांडून बघावा.

सिगिरान. अंगणात बांबूंची उभी मांडणी, तिच्यावर कणसं सालासकट लटकवून ठेवायची. पाऊस, वारा, वर्षभराचं धान्य सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. कोणाच्या घरी किती आहे हे रस्त्यावरून दिसायचं. मका गेला, त्याच्यामागे ही गेली. बटाट्याचे पैसे अंगणात टांगता येत नाहीत.

माती. बटाट्याचे वाफे इथं उताराला आडवे घालत नाहीत. सरळ खाली ओढतात, कारण पाणी थांबलं की पीक कुजतं. शेतकऱ्याच्या बाजूनं हिशेब बरोबर आहे. पण पावसाळ्यात वाफ्यांमधल्या चरींतून पाण्याबरोबर मातीही उतरते. शेजारीच रानू पानी नावाचं तळं आहे. रानू म्हणजे तळं. पुढचा शब्द मराठी कानाला फसवतो. सेमेरूवर चढणारे या तळ्याकाठून निघतात. वरच्या शेतांची माती येऊन तळं उथळ होत चाललंय, आणि साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्यानं पाण्यावर हिरवी सतरंजी घातली आहे. गावकरी आणि उद्यानाची माणसं ती पुन्हा पुन्हा काढतात. ती पुन्हा वाढते. शेत आणि तळं यांतलं एकच राहणार असेल तर कोणतं राहील, हे तिथं कुणाला विचारावं लागत नाही.

घोडा. शेतमाल वाहायचं काम सुटलं. आता ब्रोमोच्या पायथ्याच्या वाळूत पर्यटकांना फिरवतो. त्यातही वाटेकरी आहे: जुन्या टोयोटा जीप. तिथं त्यांना हार्डटॉप म्हणतात.

सारोंग. थंडीमुळे तेंगर माणूस बारा महिने खांद्यावर सारोंग घेतो. लुंगीसारखंच शिवलेलं कापड, पण ते वापरायच्या इतक्या तऱ्हा की प्रत्येकीला वेगळं नाव आहे. जड कामाला जाताना कमरेला घट्ट आवळलं तर सेसेंबोंग. फिरायला निघताना अंगाभोवती गुंडाळून घेतलं तर केकेमुल. प्रवासात नुसतं खांद्यावर टाकलं तर सेंगक्लेतान. आणि रात्री राखणीला बसताना डोक्यामागे गाठ मारून सगळं डोकं झाकलं, फक्त डोळे उघडे ठेवले, तर केकोदोंग. बायकांच्या सारोंगची गाठ कुठं आहे यावरून बाईचं लग्न झालंय की नाही तेही कळायचं. कापड अजून आहे. कॅमेऱ्यापुढे तर हमखास आहे. जातायत ती नावं. जाकिटाला चेन असते, ती लावली की झालं. त्याच्या तऱ्हा नसतात.

रेआंग. म्हणजे ‘मी’, पुरुषानं स्वतःविषयी म्हणायचं. बाईनं म्हणायचं ते इसुन. बरोबरीच्या माणसाला सिरा, वडीलधाऱ्याला रिका. खालच्या मैदानातली जावानीज भाषा कोण मोठा, कोण लहान हे प्रत्येक वाक्यात तोलते; त्यासाठी तिच्याकडे जवळजवळ दोन वेगळे शब्दसंग्रह आहेत. डोंगरावरच्या बोलीत ती शिडी कधी एवढी उंच झालीच नाही. चार सर्वनामांत भागायचं. शाळेत आता इंडोनेशियन शिकवतात आणि मैदानातली सभ्य जावानीज. शाळेतून आलेल्या मुलाला रेआंग गावठी वाटतं. गावठी आहेच. गावाचंच आहे ते.

प्रासेन. काशाचं पेलेवजा भांडं. पुजाऱ्यानं, म्हणजे दुकुननं, मंतरलेलं पाणी यात ठेवायचं. बाहेरून गोल बारा राशी कोरलेल्या: मेष, वृषभ, मिथुन, तशाच क्रमानं. काहींवर शकाचं वर्षही आहे. त्यावरून ही भांडी चौदाव्या-पंधराव्या शतकातली ठरतात. शक म्हणजे तोच, इसवी सन 78 पासून मोजला जाणारा, आपल्या पंचांगावर छापलेला. बरीच प्रासेन आता डोंगरावर नाहीत, दूरदूरच्या संग्रहालयांत काचेआड आहेत. तिथं त्यांत पाणी घालत नाहीत.

शकाचा हिशेब मात्र चालू आहे. महिने तीस दिवसांचे धरल्यामुळे दर पाच वर्षांनी तो जुळवून घ्यावा लागतो, आणि त्या वर्षी रेड्याचं डोकं वाहून उनान-उनान नावाचा विधी होतो. आपण अधिक महिन्यात जावयाला अनारसे वाढून भागवतो.

कासादा या यादीत नाही. तो तेंगर वर्षाचा बारावा महिना, आणि नावाच्या शेवटी आपला आषाढ लपलेला आहे. त्या महिन्यात पौर्णिमेच्या सुमारास रात्री लोक ब्रोमोच्या विवराच्या काठावर जातात आणि भाज्या, कोंबड्या, बकऱ्या, पैसे आत टाकतात. रोरो आंतेंग आणि जोको सेगेर या जोडप्यानं पंचवीस मुलांतला धाकटा, कुसुमा, डोंगराला दिला होता, त्याची ही फेड. विवराच्या आतल्या उतारावर जाळी घेऊन माणसं उभी असतात आणि टाकलेलं वरच्यावर झेलतात. देणाऱ्यांचा त्याला आक्षेप नसतो. गर्दी वाढतेच आहे. ज्याचे फोटो चांगले येतात त्याची काळजी करायचं कारण नाही.

बुदा. आपला धर्म कोणता, या प्रश्नाला तेंगर माणसाचं जुनं उत्तर. त्यात शिव होता, डोंगर होता, पूर्वज होते. बुद्ध फारसा नव्हता. 1965 नंतर इंडोनेशियात सरकारमान्य धर्म नसणं धोक्याचं झालं, आणि सत्तरच्या दशकात बहुतेक तेंगर गावं कागदोपत्री हिंदू झाली. ङादासमध्ये बरेच जण बौद्ध झाले, बरेच मुसलमान, थोडे हिंदू. एका घरात दोन धर्म असू शकतात. दुकुन सगळ्यांचा एकच. जुना शब्द ओळखपत्राच्या रकान्यात बसत नव्हता.

ताना लायू. म्हणजे न कोमेजणारं. ज्वालामुखीच्या उंच उतारांवर वाढणारं, पांढुरकं, कागदासारखं कोरडं फूल. बाहेरची माणसं त्याला एडेलवाइस म्हणतात. माणूस वारल्यावर हजारेक दिवसांनी एंतास-एंतास नावाचा विधी करतात. पानाफुलांची एक बाहुली बनवायची, त्यात हे फूल हवंच. गेलेल्या माणसाला तिच्यात बोलावायचं, दुकुननं मंत्र म्हणायचे आणि मग ती जाळायची, की तो सुटला. बाहुलीचं नाव पेत्रा. पितर. पर्यटकांनी या फुलांचे गुच्छ विकत घेतले, ती विरळ झाली, तोडायला बंदी आली. बंदी बाहुलीलाही लागू. आता वोनोकित्री या दुसऱ्या तेंगर गावात फुलाची रीतसर लागवड करतात, म्हणजे रान न ओरबाडता पूजेला फूल मिळावं. पितरांसाठी रोपवाटिका.

गवत. 2023 च्या सप्टेंबरात एका जोडप्याच्या लग्नाआधीच्या फोटोंसाठी ब्रोमोजवळच्या माळावर धुराच्या कांड्या पेटवल्या, आणि सुमारे 500 हेक्टर डोंगर जळाला. हे लिहिलं होतं, पण खोडतो. गवत पुढच्या पावसात परत आलं.

आणखी एक नाव लिहून खोडावं लागलं: चूल. 2007 पासून सरकारनं घरोघरी तीन किलोचे हिरवे गॅस सिलिंडर पोचवले, तेव्हा ती जाईल असं वाटलं होतं. तेंगर घरात पाहुण्याला बाहेरच्या खोलीत खुर्ची देत नाहीत, आत चुलीपाशी नेतात. शेकत बसण्याला गेगेनी म्हणतात. गेनी म्हणजे अग्नी. गॅसवर भात होतो. पण जुलै-ऑगस्टच्या रात्री पानांवर दव गोठतं तेव्हा सिलिंडरभोवती कुणी बसत नाही. लाकडं लागतात, आणि सरकून जागा करावी लागते.