तिसऱ्या पायरीवरची निवड

वर्ग, प्रवर्ग, उपवर्ग हे शब्द आम्हा सरकारी नोकरीत आयुष्य वेचलेल्यांच्या हाडीमाशी खिळलेले असतात. कर्नाटकातील मागास प्रवर्गांची एक, दोन-अ, दोन-ब, तीन-अ, तीन-ब ही वर्गवारी आम्हांस झोपेतही म्हणता येईल. हे शब्द कधी मुलांच्या खेळात भेटतील, असे मात्र स्वप्नातही वाटले नव्हते. ते भेटले, आणि आमच्या घराण्यांविषयी काही सांगून गेले. म्हणून हा प्रपंच.

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो 1974 साली प्रसिद्ध केला. एक सूत्रधार अद्भुत कथा सांगत जातो, बाकीचे एकेक पात्र होऊन त्या कथेत वावरतात, आणि अवघड प्रसंगी वीस पैलूंचा फासा निकाल देतो. आरंभी पात्रांचे वर्ग तीनच होते : योद्धा, जादूगार आणि धर्मोपदेशक. आजच्या मूळ नियमपुस्तकात ते बारा आहेत, आणि प्रत्येक वर्गाच्या पोटात उपवर्ग.

बंगळूरहून सुटीत आलेल्या आमच्या नातवाने दोन्ही नियमपुस्तके आमच्यापुढे ठेवली, तेव्हा आमच्यातला अधिकारी जागा झाला. 2014 च्या पुस्तकात उपवर्ग चाळीस. पण जादूगाराच्या वाट्याला आठ, तर रानटी योद्ध्याला अवघे दोन! 2024 च्या आवृत्तीत हा अन्याय दूर झाला. प्रत्येकास चार, एकूण अठ्ठेचाळीस. शाहिरास नृत्याचा उपवर्ग नव्याने लाभला. जादूगाराच्या चार शाखा मात्र पुस्तकाबाहेर राहिल्या. समान वाटपात कोणाच्या तरी ताटातले कमी होतेच, हे आम्ही महसूल खात्यात पुष्कळ पाहिले आहे.

त्याहून कौतुक वाटले ते नवे उपवर्ग आणण्याच्या रीतीचे. प्रकाशक आधी मसुदा खुला करतात, खेळाडू तो खेळून पाहतात, मते कळवतात. मग काही उपवर्ग सुधारून छापले जातात, काही कायमचे बासनात जातात. जादूगाराच्या त्या वगळलेल्या शाखाही 2025 साली अशाच परीक्षेसाठी पुन्हा पुढे आल्या. आम्हीही हरकती व सूचना मागवणाऱ्या कितीक अधिसूचना काढल्या; पण नियम आधी वापरून पाहा आणि मग बोला, असे म्हणण्याची सोय आमच्याकडे नव्हती.

मात्र आम्हांस खरा विचारात पाडले ते एका लहानशा फेरफाराने. जुन्या पुस्तकात काही वर्गांना उपवर्ग पहिल्या पायरीवरच घ्यावा लागे, काहींना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या. नव्या पुस्तकात सर्वांना एकच नियम : आधी दोन पायऱ्या चालून या, जग पाहा, मग तिसरीवर ठरवा.

वाचकहो, आपल्या घराण्यांना ही मुभा कोणी दिली होती? 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे गेले. भालकी, औराद, हुमनाबाद अलीकडे राहिले. रात्रीत सोयरे परराज्याचे झाले. आपली पाने पहिल्या पायरीवरच भरली गेली. आमच्या वडिलांनी उर्दूत शिक्षण घेतले, मराठीत घर चालवले. आम्ही कन्नडमध्ये टिपणे लिहून निवृत्त झालो. त्यात दुःख नाही. परंतु आमचा नातू मराठी बोलतो, वाचीत नाही, हे शल्य आहे. ही त्रैमासिक पुस्तिका आमच्यामागे आमच्या घरात कोण उघडील?

या सुटीत त्याने आणि शेजारच्या कन्नड मित्राने मिळून शाहिराचा एक घरगुती उपवर्ग रचला : दोन भाषांत गाणारा सीमेवरचा गवई. नमुना विचारला, तेव्हा आम्ही हुमनाबादजवळच्या माणिकनगरच्या माणिकप्रभूंचे नाव सांगितले. त्यांची पदे मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत, हिंदीतही आहेत. दोन भाषा एकदम येणे म्हणजे फार बळ झाले, अशी हरकत मित्राने घेतली. ‘‘अज्जा, तुम्हीच मर्यादा घाला,’’ तो म्हणाला. आम्ही कलम घातले : ऐकणाऱ्याने आपल्या भाषेत उत्तर दिले, तरच गाण्याचा प्रभाव पडेल. सूचना एकमताने संमत झाली. गवयाच्या चारी शक्तींना नातवाने मराठी नावे मागून घेतली : साद, पडसाद, ओवी, भूपाळी. कागदावर ती लिहिली कन्नड लिपीत.

प्रथम मन खट्टू झाले. मग ध्यानी आले, की मोडीतून बाळबोधीत येतानाही आपल्या वाडवडिलांचे कागद असेच परके झाले असतील. भाषा तेवढी पुढे आली. घराणे म्हणून जे काही आपण राखले, ते पुढच्यांवर पहिल्या पायरीवर लादण्याचा काळ सरला. त्यांना दोन पायऱ्या चालू द्याव्यात. तिसरीवर ते पोचतील तेव्हा निवडण्याजोग्या पर्यायांत मराठी असावी, हसतीखेळती असावी, एवढी तजवीज आपल्या हाती आहे. रोज रात्री अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवावे, त्यांचे उत्तर कोणत्याही भाषेत आले तरी ऐकून घ्यावे. निवड त्यांची.