सेकंदाला वीस ठोके

'सर्व्हर' म्हटलं की बँकेतलं किंवा रेल्वे आरक्षणाचं एखादं मोठं यंत्र डोळ्यांपुढे येतं, नाही का? पण आम्हा सात भावंडांचाही एक सर्व्हर आहे बरं का! आम्ही तिघं अमरावतीला, मावशीची चार मुलं अकोल्याला आणि सर्व्हर मात्र मुंबईला, भाड्याचा. त्यावर 'माइनक्राफ्ट' हा खेळ चालतो. अकोला काही लांब नाही, शंभरेक किलोमीटर. पण शाळा आणि क्लास यांतून सवड मिळते कुठे? म्हणून रविवारी संध्याकाळी आमची भेट होते ती या खेळातच. मी अकरावीत, सगळ्यांत मोठी, म्हणून सर्व्हरची देखभाल माझ्याकडे.

मुंबईला न जाता देखभाल कशी करायची? त्यासाठी 'एसएसएच' नावाची सोय आहे. फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी ती 1995 साली तयार केली. इथे काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, तो कुलूपबंद होऊन तिकडे जातो आणि तिथलं यंत्र तो पाळतं. 'टॉप' असा हुकूम दिला की प्रोसेसरवर कोणत्या कामाचा किती भार आहे ते दिसतं.

दिवाळीनंतर आमचा खेळ रखडू लागला. दार उघडायलाही वेळ! "ताई, नेट लय स्लो चालून रायलं वो," अकोल्याहून ओरड आली. पण नेट मंद असतं तर एखाद्यालाच त्रास झाला असता. इथे सातही जण एकदम अडकत होते. म्हणजे दुखणं सर्व्हरचंच.

हा खेळ ठोक्यांवर चालतो. सेकंदाला 20 ठोके. म्हणजे एका ठोक्याला 50 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात सर्व्हरने प्रत्येक खेळाडू, प्राणी, वाहतं पाणी, सगळ्यांचा हिशोब पुरा करायचा. आमच्या ठोक्याला 80 मिलिसेकंद लागत होते. करा भागाकार! सेकंदाला साडेबाराच ठोके. खेळातला दिवस 20 मिनिटांचा असतो, तो 32 मिनिटांवर गेला.

गंमत अशी की भाडं घेणाऱ्यांच्या पानावर भार दिसत होता जेमतेम 27 टक्के. मग अडलं कुठे? 'टॉप'ने ते दाखवलं. आमच्या यंत्राला चार कोअर आहेत, म्हणजे काम करणारे चार हात. पण या खेळाचा मुख्य हिशोब एकच हात करतो. भाकरी थापायला चार बाया बसल्या आणि तवा एकच, तसं. एक हात घामाघूम आणि तीन जवळजवळ रिकामे! दुप्पट भाड्याचं, आठ कोअरचं यंत्र घेतलं असतं तरी तवा एकच राहिला असता.

मग मी 'सिम्युलेशन डिस्टन्स' 10 वरून 6 वर आणलं. खेळाडूपासून किती दूरपर्यंतचं जग हलतं ठेवायचं, हे त्या आकड्याने ठरतं. थोडा फरक पडला. पण सगळ्यांत धाकटा मावसभाऊ त्याच्या वाड्यात गेला की ठोके पुन्हा घसरायचे. वाड्यात होत्या साडेनऊशे कोंबड्या! प्रत्येक कोंबडी कुठे वळते, कोणाला धक्का देते, हे दर ठोक्याला मोजायचं. शिवाय खाली पडलेलं अंडं कोणी उचललं नाही तर पाच मिनिटं तेही सांभाळायचं.

"काढून टाक त्याले खेळातून," बाकीचे म्हणाले. एका हुकमात साऱ्या कोंबड्या नाहीशा करणं मला अमरावतीत बसून सहज जमलं असतं. पण त्या पोराने सुट्टीभर खपून तो वाडा उभा केला होता आणि नियम तर कोणताच मोडला नव्हता. एवढ्या कोंबड्या ठेवू नयेत असं आमच्यात ठरलंच कुठे होतं?

मी त्याला फोन केला. "माह्या कोंबड्याईनं काय बिघडवलं वो?" तो रडवेला झाला. मग मी त्याला ठोक्यांचा हिशोब सांगितला आणि म्हटलं, "तू दहा-दहा कमी कर, मी आकडा वाचते." दोन तास आम्ही फोनवर होतो. 80, 71, 63... साडेतीनशे उरल्या तेव्हा आकडा 44 वर आला. "बस, एवढ्याच ठेवतो न मंग," तो म्हणाला. त्यातल्या आवडत्या कोंबड्या त्यानेच निवडल्या.

आता नियम केला आहे. कोणीही काही मोठं बांधायचं तर आधी ठोक्याचा आकडा पाहायचा, 45 च्या वर गेला तर सगळ्यांना विचारायचं. तो आकडा पाहायचं काम आम्ही धाकट्यालाच दिलं आहे. परवा त्याने मलाच टोकलं, "ताई, तुह्या रेल्वेनं तीन वाढले वो!" मुकाट्याने चार डबे काढावे लागले.