तक्रार कोणाची?

२०२५ साली अकरावीचे प्रवेश पहिल्यांदा राज्यभर ऑनलाइन झाले. त्याआधी ही कटकट मुंबई, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्यांनाच. आम्ही मावळवाले थेट कॉलेजात जाऊन अर्ज देत असू.

मुलीची पहिली पसंती पुण्यातलं एक अल्पसंख्याक कॉलेज. पहिल्या यादीत नाव लागलं ते लोणावळ्याला, तिसऱ्या पसंतीला. ती जेवलीच नाही. चाचा म्हणाले, "आपलंच कॉलेज, आणि आपल्याच पोरीला जागा नाही? तक्रार टाका!" इशानंतर आम्ही दोघं अर्ज लिहायला बसलोसुद्धा.

लिहिण्याआधी गुणपत्रिका आणि कटऑफ शेजारी ठेवले. गुण बरोबर होते, कटऑफ तिच्या वर. नोंदीत चूक असेल तर हरकत घ्यायची, तीही तात्पुरती गुणवत्ता यादी लागते तेव्हा. मग भरलेला फॉर्म उघडला. अल्पसंख्याक कोट्याची पसंती वेगळी भरावी लागते. आमची ती जागा कोरी! वर्गातल्या पोरांचे फॉर्म आम्हीच तपासून दिले होते. घरातला राहिला.

फज्रनंतर मुलीला खरं सांगितलं, माफी मागितली. बराच वेळ ती गप्प होती. पहिली पसंती मिळालेली नसल्याने पुढच्या फेरीला थांबता येत होतं, पण मग लोणावळ्याची हातातली जागा सोडायची. तिची अम्मी म्हणाली, "तूच ठरव."

"थांबते," ती म्हणाली. "पण या वेळी फॉर्म मी भरणार. तुम्ही दोघं नुसतं बघा."