यादीतला सुटलेला शब्द



माझे माहेर धारचे. घरी मराठी आणि शाळा-कॉलेजात हिंदी, अशात मी वाढले. पदवीही हिंदी माध्यमातूनच घेतली. त्यामुळे मराठीत लिहायला बसले की एखादा हिंदी शब्द न विचारता आत येऊन बसतो. वाचकांनी सांभाळून घ्यावे. या वेळी तर विषयही माझ्या हातातला नाही. विषय आहे लॅपटॉपच्या खरेदीचा. पण या खरेदीने मला या वयात एक धडा शिकवला, म्हणून लिहीत आहे.

मध्य प्रदेश बोर्डाच्या बारावीत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या मुलांना लॅपटॉप घेण्यासाठी राज्य शासनाकडून २५,००० रुपये मिळतात. ४ जुलै २०२५ रोजी ९४,२३४ विद्यार्थ्यांच्या खात्यांत ही रक्कम जमा झाली. त्यांत आपल्या शाळेची एक मुलगी होती. वडिलांचे शिवणकामाचे छोटे दुकान आणि घरात एक धाकटा भाऊ. एवढी रक्कम एकदम हाती येण्याची त्या घरातली ती पहिलीच वेळ.

चार दिवसांनी तिघेही माझ्या कार्यालयात आले. कोणता लॅपटॉप घ्यावा, हे विचारायचे होते. मुलीने कागदावर यादी करून आणली होती : ऑनलाइन वर्ग, नोट्स, प्रोजेक्ट, टायपिंग.

"एवढंच?" मी विचारले.

"हो मॅडम."

दाराशी उभा असलेला भाऊ पटकन म्हणाला, "आणि गेम! दीदीला गेमचे व्हिडिओ पण करायचेत!"

मुलीने त्याच्याकडे असे पाहिले की तो दाराआडच गेला. वडील म्हणाले, "मॅडम, हे पैसे अभ्यासाचे आहेत, खेळायचे नाहीत. यातले थोडे वाचले तर कॉलेजच्या फीला होतील. तुम्हीच सांगा हिला."

मी तेच सांगणार होते. तीस वर्षांच्या नोकरीत ते वाक्य पाठ झाले आहे. पण बोलण्याआधी माझी नजर कपाटाकडे गेली आणि शब्द तोंडातच राहिले. त्या कपाटात शाळेचा २०१८ साली घेतलेला लॅपटॉप पडून आहे.

त्याची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. तेव्हा मला शाळेच्या कार्यक्रमांचे चित्रण करण्यासाठी यंत्र हवे होते. पण "व्हिडिओसाठी" असे लिहिले तर विश्वस्त मंडळी नको म्हणतील, अशी भीती वाटली. म्हणून मी प्रस्तावात लिहिले, "कार्यालयीन व शैक्षणिक उपयोगासाठी." मंजुरी लगेच मिळाली. दुकानदारानेही त्या ओळीप्रमाणेच यंत्र दिले : ४ जीबी रॅम, आत जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. पत्रे टाइप करायला ते पुरेसे होते.

पुढच्या वर्षी आपल्या एका ज्येष्ठ सरांचा निरोप समारंभ झाला. कॅमेऱ्याची तार या लॅपटॉपला जोडून आम्ही चित्रण केले. दहा मिनिटांतच चित्र अडखळू लागले. आवाज पुढे आणि ओठ मागे. शेवटी यंत्र बंद पडले आणि फाइल पुन्हा उघडलीच नाही. सरांचे भाषण गेले. २०२१ मध्ये सरही गेले. दोष यंत्राचा नव्हता आणि दुकानदाराचाही नव्हता. मी यादीत खरा शब्दच लिहिला नव्हता.

हे सारे मी त्या दिवशी त्या तिघांना सांगितले. मग कागद मुलीला परत दिला आणि म्हटले, "आता खरी यादी लिही. खेळसुद्धा लिही. तुला कुणी रागावणार नाही."

तिने लिहिले : भावाबरोबर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ, बुद्धिबळ, खेळताना पडद्याचे चित्रण. जरा थांबून आणखी एक ओळ घातली : आत्याच्या लग्नाची कॅसेट लॅपटॉपवर घेणे, कारण तिच्यात आजी आहे. वडिलांनी ती ओळ वाचली आणि ते काही बोलले नाहीत. मी म्हटले, "आमच्या कपाटातही स्नेहसंमेलनांच्या सात कॅसेटी पडल्या आहेत. त्याही यादीत घाल."

मग संगणकाच्या सरांना बोलावले. त्यांच्याकडून मला जे समजले, ते पालकांच्या उपयोगाचे आहे म्हणून सांगते.

पहिली गोष्ट, "आय-फाइव्ह" हे नुसते नाव पाहून भुलू नये. प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे, ते पाहावे. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच होता. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. म्हणजे पाचव्या-सहाव्या पिढीचे यंत्र स्वस्तात मिळाले तरी ते महागच पडते.

दुसरी गोष्ट रॅमची. स्वस्त लॅपटॉपमध्ये चित्रांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते. प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स मुख्य रॅममधून वाटा घेते. म्हणून रॅम ८ जीबीपेक्षा कमी नको. शक्य असेल तर एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या असाव्यात. दोन पट्ट्यांतून माहितीची ये-जा जास्त वेगाने होते आणि हलके खेळ नीट चालतात. मोठे, भारी खेळ या किमतीत चालणार नाहीत, हेही मुलांना आधीच सांगावे.

तिसरी गोष्ट जागेची. फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी. चांगल्या प्रतीचे चित्रण सेकंदाला ८ मेगाबिट धरले, तर तासाला सुमारे ३.६ जीबी जागा लागते. २५६ जीबीच्या डिस्कवर १५० जीबी मोकळी असेल, तर सुमारे ४० तास मावतात. त्यानंतर बाहेर काढून ठेवावे लागते.

चौथी गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटली. पडद्याचे चित्रण आणि कॅसेटचे चित्रण ही दोन वेगळी कामे आहेत. पडद्यासाठी ओबीएस स्टुडिओ नावाचा मोफत प्रोग्राम मिळतो. त्यात यंत्राला खेळही चालवावा लागतो आणि चित्रणही करावे लागते, म्हणून ताकद लागते. कॅसेटला मात्र फारशी ताकद लागत नाही. आपल्याकडच्या जुन्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे आणि चित्राच्या ५७६ ओळी, बस इतकेच. व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल तारा ज्यात बसतात, असे छोटे यूएसबी कॅप्चर यंत्र तेवढे घ्यावे लागते.

इंदूरच्या बाजारात मी स्वतः त्यांच्याबरोबर गेले. त्या रकमेत नवे यंत्र मिळत होते, पण त्याचा प्रोसेसर दुबळा होता. शेवटी कार्यालयातून निघालेला, दुरुस्त करून विकायला ठेवलेला एक लॅपटॉप पसंत पडला. आठवी पिढी, ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या, २५६ जीबी एसएसडी. मुलीने पेन ड्राइव्हवर आपला खेळ नेला होता. दुकानदाराच्या परवानगीने तिने वीस मिनिटे खेळत चित्रण केले. किती चित्रे सुटली, ते ओबीएस दाखवते. यंत्र तापले की आपोआप मंद होते, म्हणून दोन मिनिटांची परीक्षा पुरत नाही. मग बॅटरीचा अहवाल पाहिला, पक्के बिल घेतले, सहा महिन्यांची हमी लिहून घेतली. लॅपटॉप, माउस आणि कॅप्चर यंत्र मिळून २३,४०० रुपये झाले. उरलेले १,६०० तिने तिथेच वडिलांच्या हातात दिले. "फीचे," म्हणाली.

अडचण पुढेच होती. लॅपटॉप आला, पण व्हीसीआर कुठे? जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले आणि नवा व्हीसीआर मिळणेच बंद झाले. देवासमध्ये दहा घरी विचारले. शेवटी धारला माझ्या वहिनीने माळ्यावरून चादरीत गुंडाळलेला एक काढला. तो मांडीवर घेऊन मी धारहून इंदूर आणि इंदूरहून देवास असा सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास बसने केला. कंडक्टरने विचारले, "मॅडम, ये क्या चीज़ है?"

सातपैकी दोन कॅसेटींना पांढरी बुरशी लागली होती. त्या लावल्या तर व्हीसीआरच बिघडतो, म्हणून बाजूला ठेवल्या. बाकीच्या पाच मुलीने रोज शाळा सुटल्यावर बसून उतरवल्या. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात, त्यात घाई चालत नाही.

१९९७ च्या कॅसेटमध्ये एक नाटुकले आहे. एक मुलगा संवाद विसरतो आणि गप्प उभा राहतो. तेवढ्यात विंगेतून हळू, पण स्पष्ट आवाज येतो. पुढचा शब्द सांगणारा तो आवाज आपल्या सरांचा होता. निरोपाचे भाषण माझ्या हातून गेले. हे चार शब्द मात्र मिळाले.

देवासला आवाजाचे मोल कुणी शिकवायला नको. कुमार गंधर्व १९४८ साली येथे आले आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत येथेच राहिले. ध्वनिमुद्रणे होती, म्हणून आजची मुले त्यांचे गाणे ऐकू शकतात. आपल्या घरातले आवाज लहान असतील, पण ते जपायला आपल्याशिवाय दुसरे कोण आहे?

विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे की पुढचा प्रस्ताव मी खऱ्या शब्दांत लिहीन, तुम्ही तो मोकळ्या मनाने वाचा. पालकांनो, मुलाने यादीत "खेळ" लिहिले तर लगेच खोडू नका. किती वेळ खेळायचे, ते बसून ठरवा. आणि मुलांनो, मोठ्यांना आवडेल तेवढेच लिहून आणू नका. खोट्या यादीवर आणलेले यंत्र खऱ्या कामाच्या वेळी बंद पडते, हे मी पाहिले आहे.

ती मुलगी आता कॉलेजात जाते. रविवारी भावाबरोबर शर्यत खेळते आणि हरते, असे तिचे वडील परवा हसत सांगत होते. व्हीसीआर अजून शाळेतच आहे. ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटी असतील, त्यांनी पावसाळ्यापूर्वी घेऊन याव्यात.

चूकभूल द्यावी घ्यावी.

आपली,
प्राचार्या