कात्रीविना उतरणारी लोकर

मेंढी आपली लोकर आपणच टाकून देऊ शकते, हे तुम्हाला ठाऊक होतं? मला कुणी सांगितलंच नव्हतं! आता कळल्यापासून भेटेल त्याला तेच ऐकवत सुटलोय.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर अटलांटिकमध्ये सेंट किल्डा नावाची बेटं आहेत. तिथल्या सोए जातीच्या लहानखुऱ्या, तपकिरी मेंढ्यांना कुणी कातरत नाही. ऊन वाढलं की लोकरीचे पुंजके अंगावरून आपोआप सुटतात, आणि खालून नवी वाढ तयार! शेटलंड बेटांवर तर सुटत आलेली लोकर हातानं ओढून घ्यायची जुनी रीतच आहे. दिवस लांबला की मेंढीच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, कातडीतली केसांची मुळं जागी होतात आणि जुना धागा मुळाशी सैल पडतो.

म्हणजे गळणं हीच मूळ रीत. रानटी मूफ्लॉन मेंढीच्या अंगावर राठ केसांचं आवरण असतं, त्याखाली मऊ लोकरीचा थर, आणि दरवर्षी ते सगळं झडतं. कातडीत केसांची मुळंही दोन तऱ्हांची, राठ केसांची प्राथमिक आणि मऊ लोकरीची दुय्यम. मूफ्लॉनमध्ये एका प्राथमिक मुळामागे दुय्यम मुळं मोजकीच. मेरिनो या पाळीव जातीत? वीसच्या आसपास, कित्येकदा त्याहून जास्त! माणसानं पिढ्यान्‌पिढ्या दाट लोकरीच्या मेंढ्या निवडल्या, आणि त्या ओघात गळणं बंद पडलं. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ भरकटलेला एक मेरिनो मेंढा सापडला. बरीच वर्षं कात्रीच लागली नव्हती. अंगावरून लोकर निघाली ४१ किलोंहून जास्त! बिचाऱ्याला धड चालवत नव्हतं.

पण मी खरा उडालो तो पुढे. केसाळ मेंढीची लोकरी मेंढी झाली कशी? २०१७ मध्ये फ्रेंच संशोधकांनी यातला एक कळीचा बदल शोधून काढला. ईआयएफटूएसटू या जनुकाची एक नक्कल प्राचीन काळी कधीतरी आपली जागा सोडून आयआरएफटूबीपीटू या भलत्याच जनुकाच्या शेपटाशी जाऊन चिकटली, तीही उलटी! एका पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स दुसऱ्याच पुस्तकाच्या शेवटी उलटी शिवली जावी, तशी. त्या पुस्तकाचं वाचन सुरू झालं की उलटा मजकूरही वाचला जातो, तो मूळ सुलट मजकुराला जाऊन जोडतो आणि दोन्ही जनुकांच्या कामात गडबड होते. त्या गडबडीतून काय निपजलं? लोकर! स्वेटर, शाली, गालिचे, इंग्लंडचा मध्ययुगीन लोकरव्यापार, या सगळ्याच्या मुळाशी असली एक उलटी चिकटलेली नक्कल असावी, यावर विश्वास बसायला मला वेळ लागला.

लोकर गळणं मात्र या एकाच बदलावर ठरत नाही. तो वेगळा गुंता आहे. वेल्समधल्या अँगलसी बेटावर आयोलो ओवेन या शेतकऱ्यानं १९६० च्या दशकापासून विल्टशायर हॉर्न या जुन्या, आपोआप झडणाऱ्या जातीचा वेल्श माउंटन मेंढ्यांशी संकर केला आणि इझीकेअर ही जात उभी केली. कातरणी नाही, खर्च नाही! या मेंढ्यांच्या अभ्यासातून दिसतं की गळण्याची क्षमता बहुधा एकाच प्रभावी जनुकातून येते. किती गळेल ते मात्र मेंढीगणिक वेगळं. काहींची मान नि पोट मोकळं होतं आणि पाठीवर लोकरीची झूल तशीच राहते. मला ती अर्धवट मेंढी फार आवडली, सांगून ठेवतो.

आपल्याकडची दख्खनी मेंढी मात्र कात्रीचीच. धनगर तिची राठ लोकर कातरून घेतात आणि त्यातूनच घोंगडी होते. उलट सांगलीच्या जत भागातली माडग्याळ मेंढी अंगानं केसाळ, मटणासाठी नावाजलेली.

सगळेच या गळतीवर खूश आहेत असं नाही. ऑस्ट्रेलियातले मेरिनोवाले डॉर्परसारख्या झडणाऱ्या जातींपासून आपला कळप जपून ठेवतात. एकत्र चरताना या झडणाऱ्या मेंढ्यांचे राठ, रंगीत केस मेरिनोच्या पांढऱ्या लोकरीत मिसळले, तर ते वेचून काढता येत नाहीत, रंगाई करताना डोळ्यात भरतात आणि भाव पडतो. म्हणूनच लोकर विकायला नेताना शेतकरी कागदावर लिहून देतात: या मेंढ्या कुणाच्या संगतीत होत्या!