प्रश्न विचारणारी मंडळी

रविवार, कुर्डुवाडी. उपासनेनंतर खजिनदारांनी महिन्याचा हिशेब फळ्यावर लिहिला: अर्पण, वीजबिल, आजाऱ्यांना मदत. मागच्या बाकावरच्या एका तरुणीने उभं राहून एका खर्चाबद्दल विचारलं. पाळकसाहेबांनी तिला गप्प केलं नाही, पावतीच पुढे केली. फार बरं वाटलं. पाळकाला जाब विचारणं म्हणजे देवालाच विचारणं, असं अजूनही काही ठिकाणी मानतात, ते मला खुपतं.

हा मोकळेपणा पाहून रेव्हरंड ना. वा. टिळक आठवले. 1917 साली अमेरिकन मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती.

मंडळीने प्रश्न विचारावेत हे खरं, पण पाळकांचं गाऱ्हाणं कोण ऐकतं? त्यांनाही हक्काची सुट्टी हवी. मंडळीच्या पंचांनो, पुढच्या बैठकीत हा विषय घ्याच.