बुडालेल्या जहाजांची एक्सेल शीट

आयटीतल्या माणसाला कुठलाही निर्णय घ्यायचा असला की तो आधी एक्सेल उघडतो. फ्लॅट बघायचा असो, नाहीतर नवा फोन. त्यामुळे "आधी कुठल्या बुडालेल्या जहाजावर डाइव्ह करायची" या प्रश्नाचीही माझ्याकडे एक शीट आहे, याचं फार आश्चर्य वाटून घेऊ नका :)

थोडी पार्श्वभूमी देतो. ओपन वॉटरचा कोर्स मी तारकर्लीला केला. अ‍ॅडव्हान्स्ड अंदमानात, हॅवलॉकला (आता स्वराजद्वीप). लॉगबुकात आत्ता २२ डाइव्ह आहेत. त्यातली एक गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळच्या सुझीज रेकवर. तिथलं पाणी उथळ आहे, पण त्या दिवशी इतकं गढूळ होतं की जहाज बघितलं म्हणण्यापेक्षा चाचपलं म्हणणं जास्त खरं. पण तो गंजका पत्रा हाताच्या अंतरावर आला आणि आपण कामातून गेलो! मासे, प्रवाळ सगळं ठीक आहे हो, पण माणसाने बांधलेली वस्तू समुद्राच्या तळाशी बघणं ही भानगडच वेगळी.

तर झालं असं की ऑफिसातला एक मित्र आणि त्याचा ग्रुप लाल समुद्रात चाललाय. बोटीवरच राहायचं, आठवडाभर डायव्हिंग, आणि मुख्य आकर्षण म्हणजे एसएस थिसलगॉर्म. एक बर्थ रिकामा होता, भावही बरा होता. "अरे, फक्त तीस मीटर आहे. तुझं कार्ड तीसचंच आहे ना? आणि गाइड असतो," इति मित्र. उत्तर द्यायला चार दिवस होते. म्हणून ही शीट.

थिसलगॉर्मचा मोह काय असतो ते आधी सांगतो. हे ब्रिटिश मालवाहू जहाज ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांनी बुडवलं. इजिप्तमधल्या ब्रिटिश फौजांसाठी चाललेला सगळा माल पोटात होता. बीएसए कंपनीच्या मोटरसायकली आणि बेडफर्डचे ट्रक आजही खणांमध्ये ओळीने उभे आहेत. रेल्वे इंजिनं बाजूला तळावर पडली आहेत. १९५० च्या दशकात कुस्तोने ते शोधलं आणि जगाला दाखवलं. फोटो बघितले की हात आपोआप कार्डाकडे जातो.

पण शीटचा पहिला कॉलम हवेचा होता. मला पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर हवा लागते. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे ४० लिटर. ३० मीटरवर चौपट, म्हणजे ८०. आपला नेहमीचा सिलिंडर ११ लिटरचा, २०० बारला भरलेला, म्हणजे एकूण २२०० लिटर. ५० बार राखीव ठेवले तर उरले १६५०. १० मीटरवर ही हवा ४१ मिनिटं पुरते, ३० मीटरवर जेमतेम २०. वर यायचा वेळही त्यातच आला.

हे झालं बाहेरून बघण्याचं. जहाजाच्या आत शिरायचं तर तिसऱ्या हिश्श्याचा नियम लागतो. एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश अडचणीसाठी. २२०० चे तीन भाग केले आणि ८० ने भागलं की आत जायला ९ मिनिटं. त्यात लाल समुद्रातला प्रवाह, ३० मीटरच्या आसपास डोक्यात चढू लागणारी नायट्रोजनची नशा आणि "अरे बापरे ट्रक!" म्हणून वाढलेला श्वास. हे कुठल्या फॉर्म्युल्यात बसवणार? गाइड असतो हे खरं, पण तो आपला श्वास घेत नाही.

दुसरा कॉलम होता, "डोक्यावर छत आहे का?" उघड्या पाण्यात काही बिनसलं तर सावकाश वर येता येतं. जहाजाच्या आत वर लोखंड असतं. वर्षानुवर्षं साठलेला बारीक गाळ फिनच्या एका फटक्यात उठतो आणि टॉर्चच्या उजेडातही दार दिसेनासं होतं. म्हणून आत जाणारे बाहेरपासून दोरी बांधत जातात. ती शिस्त शिकण्यासाठी वेगळा कोर्स असतो, आणि त्या कोर्सलाही दाराचा उजेड दिसतो तिथपर्यंतच जाऊ देतात.

आता तुम्ही म्हणाल, मुद्दाम बुडवलेली, साफ केलेली जहाजं असतात की! असतात. फ्लोरिडात की लार्गोजवळ अमेरिकन नौदलाचं स्पीगल ग्रोव्ह हे जहाज २००२ साली असंच डायव्हर्ससाठी बुडवलं. त्याने पहिल्या दिवसापासून योजना धुडकावली. वेळेआधीच उलटं होऊन बुडालं. मग त्याला आडवं केलं, आणि २००५ सालच्या डेनिस वादळाने सरळ उभं केलं. याच जहाजात २००७ साली आत गेलेले तीन डायव्हर्स दगावले. ते माझ्यासारखे नवशिके नव्हते, चांगले अनुभवी होते. म्हणून "साफ केलेलं" म्हणजे "सोपं" असं मी शीटमध्ये लिहिलं नाही.

सायप्रसमधल्या लार्नाकाजवळच्या झेनोबियाने तर मला धंद्याच्या बाजूने पकडलं. नवीकोरी फेरी बोट, पहिलीच सफर, पोटात शंभरावर ट्रक. बॅलास्टच्या टाक्यांत पाणी भरणारी संगणकी यंत्रणा बिघडली, पाणी भरतच राहिलं, बोट कलली आणि ७ जून १९८० रोजी बुडाली. जाणकार सॉफ्टवेअरकडे बोट दाखवतात. प्रॉडक्शनमधला बग म्हणजे काय ते बघायचं तर इथे जावं! ती डाव्या कुशीवर पडली आहे, वरची बाजू १६-१७ मीटरवर, तळ ४२ वर. पण आडवं जहाज म्हणजे आत गेल्यावर भिंतीची जमीन होते आणि जिने आडवे धावतात. नकाशा पाठ असलेला माणूसही गोंधळतो. तेव्हा झेनोबिया यादीत आहे, पण पहिली नाही. आणि गेलो तरी पहिल्या खेपेला बाहेरूनच.

शीट इथवर आली आणि मी घरी अलिबागला गेलो. आजीला सांगत होतो की बुडालेली जहाजं बघायला जाणार आहे. तिने एकच विचारलं, "त्यात माणसं होती का रे?"

आजी रेवसकडची. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यात तिचे एक काका होते. आमच्या घरात "बुडालेली बोट" हे शब्द अजूनही जरा हळू आवाजात येतात. मी मात्र फोटो दाखवत "ट्रक बघ, मोटरसायकली बघ" करत होतो.

मग तिसरा कॉलम आला. थिसलगॉर्म: ९ माणसं गेली. ऑस्ट्रेलियाजवळचं योंगाला, १९११ च्या वादळात: १२२, कोणीच वाचलं नाही. तिथे आत शिरायला बंदीच आहे. झेनोबिया बुडताना: कोणीही नाही. हा कॉलम "जायचं की नाही" ठरवत नाही. कसं जायचं ते ठरवतो. थिसलगॉर्मवरून डायव्हर्सनी आठवण म्हणून वस्तू उचलून नेल्या आहेत. बोटींनी नांगराचे दोर थेट त्याच्या लोखंडाला बांधून पत्रे उचकटले आहेत. रामदासच्या लाकडाचा तुकडा कोणी दिवाणखान्यात ठेवला असता तर आजीला काय वाटलं असतं? आणि हवेच्या काट्याकडे बघण्यातच ज्याचं सगळं लक्ष आहे, धडपडत ज्याचे गुडघे जहाजावर आपटताहेत, त्याला नऊ माणसांच्या जागेवर नीट तरंगता तरी येणार आहे का? नवशिक्याने थांबण्याचं हेही कारण आहे, आणि मला ते हवेच्या हिशोबाइतकंच पटलं.

तर शीटमध्ये पहिला नंबर आला बालीतल्या तुलाम्बेनच्या लिबर्टीचा. हे अमेरिकन लष्कराचं मालवाहू जहाज. ११ जानेवारी १९४२ ला जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, ते ओढत आणून किनाऱ्यावर टेकवलं. तिथे वीस वर्षं पडून होतं. १९६३ साली आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याने जहाज पाण्यात ढकललं. त्या उद्रेकात हजारावर माणसं गेली, हेही कॉलममध्ये लिहिलं आहे.

डायव्हर म्हणून बघितलं तर ते सव्वाशे मीटर लांबीचं, मोडून उघडं पडलेलं जहाज आहे. वरचा भाग सुमारे ५ मीटरवर, खालचा ३० वर. काळ्या गोट्यांच्या किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. सिलिंडर गावातल्या बायका डोक्यावरून आणून देतात. बहुतेक ठिकाणी वर छत नाही, उजेड आहे. १० मीटरवर ४१ मिनिटं मिळतात, आणि दमलो तर किनारा जवळ. एकाच जहाजावर तीन-चार दिवस, रोज थोडं खोल जायचं आणि तरंगणं सुधारायचं. त्यानंतर रेकचा कोर्स, मग झेनोबिया बाहेरून, आणि पन्नासेक डाइव्हनंतर थिसलगॉर्म.

शेवटच्या ओळीत एक घरचं जहाजही आहे. आपल्या नौदलातली आयएनएस गुलदार २०२४ साली निवृत्त झाली. तिला सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ तळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायची सरकारची योजना आहे. तिथे जायचं तर तयारीनेच जाईन.

मित्राला बर्थ नको म्हणून कळवलं. "घाबरलास होय?" असा मेसेज आला. मी त्याला शीट पाठवली. उत्तर आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी चहाला त्याने विचारलं, "तो ९ मिनिटांचा आकडा कसा काढलास रे?" टिश्यू पेपरवर पुन्हा मांडून दाखवला. त्याची हवा माझ्यापेक्षा जास्त लागते, त्याचे सात आले. तो लाल समुद्रात जातोय, पण थिसलगॉर्मला फक्त बाहेरून फिरणार आहे म्हणाला.

माझं बालीचं तिकीट मे महिन्याचं आहे.